कुशीवर

सतरा.
नळ स्टॉपच्या हॉस्पिटलपासून धायरीतल्या आपल्या फाटकापर्यंत
सतरा गतिरोधक.
आदल्या रात्री स्कूटरवरून जाऊन मोजून आलो होतो,
तरी एक निसटलाच,
रंग उडालेला, वडगावच्या अलीकडचा.
तू दात आवळलेस.
रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, चुकलं माझं."
चुकलं माझं होतं.

तू आलीस आणि घराची उंची बदलली.
पाण्याची बाटली, गोळ्या, चार्जर, लंगोटांची चळत,
सगळं तुझ्या कोपराच्या रेषेत आलं.
पलंगाच्या पायांखाली चार विटा हव्या होत्या,
शेजारच्या बांधकामावर मागायला गेलो.
मुकादम म्हणाला, कशाला?
म्हटलं, बायकोचं सीझर झालंय, उठताना त्रास होतो.
तो सहा देत होता.

उठायचं कसं ते लीलाबाई सिस्टरनी दोनदा दाखवलं होतं.
आधी कुशीवर वळायचं.
गुडघे जवळ. पाय खाली सोडायचे.
मग भार कोपरावर, पोटावर नाही.
तू झोपल्यावर मी चटईवर करून पाहिलं.
चौतीस वर्षं सरळ उठत आलोय,
कशाच्या जोरावर, ते कधी विचारलं नव्हतं.

आत्याचा फोन. "नॉर्मल का सीझर?"
सांगतो. पलीकडून एक छोटंसं अरेरे,
आणि मग, "हल्ली कळा सोसायला नकोतच कुणाला."
सोळा तास सोसल्यास तू, त्यानंतर थिएटरात नेलं.
ते सोळा तास कुठल्या खात्यात टाकू, आत्या?
हे मी म्हणत नाही. फोन ठेवतो,
शेपू निवडतो.

तुझी अट एकच आहे: मला हसवू नकोस.
खोकला, शिंक, हसू,
तिन्हींना उशी धरावी लागते पोटाशी,
आणि हसू सगळ्यात वाईट, ते थांबत नाही.
माझ्या बोलण्यावर भेळ नाकात गेली
म्हणून जी मला हो म्हणाली,
तिच्याशी मी दहा दिवस
बँकेतल्या सूचनेसारखा बोलतोय.
अळिवाची खीर झाली आहे. गरम आहे.
चमचा डावीकडे आहे.

रात्री तीनला बाळाला उचलून तुझ्या कुशीत देतो.
नाव नाही अजून,
हॉस्पिटलच्या पट्टीवर नुसतं "हेमांगी यांचे बाळ".
ती पिते. मी पाठीशी लोड धरून बसतो.
अंधारात तू म्हणतेस,
"मी हिला जन्म नाही दिला रे. हिला काढलं."
मला उत्तर येत नाही.
विनोद येतो, तो गिळतो.
लोड थोडा सरकवतो, नीट बसावा म्हणून.
नीटच होता.

पट्टी निघाली त्या दिवशी तू छताकडे बघत होतीस.
"तूच बघ. बघून सांग."
सांगितलं: कोरडी आहे. लाली नाही.
वितीला बोटभर कमी.
"आणि कशी आहे?"
बघत राहिलो.
इथून आली ती, एवढ्याशा फटीतून,
तेव्हा तू जागी होतीस, पडद्याच्या अलीकडे,
माझं बोट पिरगळत.
म्हटलं, सरळ आहे. सरळ रेघ आहे.

आणि आज तो पोटाचा पट्टा.
वरची बाजू कुठली, हूक आधी की चिकटपट्टी,
काही कळेना, म्हणून आधी स्वतःला बांधून बघितला,
शर्टावरून, उलटा.
तेवढ्यात बेल. दारात कुरिअरवाला.
त्यानं पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि अतिशय आदरानं विचारलं,
"सर, डिलिव्हरी तुमचीच ना?"

आतून आवाज आला. वाटलं, रडतेयस.
धावलो.
तू स्वतःहून वळली होतीस कुशीवर,
उशी पोटाशी गच्च, डोळ्यांतून पाणी,
"नको म्हटलं होतं ना," आणि पुन्हा फुटलीस.
आई गं. आई गं. पुन्हा.
मी गुडघ्यांवर बसलो,
तुझ्या हातांवरून उशीवर हात ठेवले,
थोडा जोर दिला.

दार उघडंच होतं.
सही करायची राहिली होती.